बिहोल्डन हा शब्द कुणी कुणाला लावावा

बाई,

आधी घडलं ते लिहिते. मला काय वाटतं ते नंतर.

१. गणेशगुडीला, काळी नदीच्या काठावर, तुमच्या मुलाचं पर्यटकांसाठी लॉज आहे. तिथे उतारावर त्याने काही वर्षांपूर्वी लाकडी खांबांवर उघडा सज्जा बांधला. तिकडे सगळे त्याला डेक म्हणतात.

२. परवाना पुढे चालू ठेवायचा तर डेक सुरक्षित आहे असा इंजिनीअरचा दाखला लागतो. तो त्याने माझ्याकडे मागितला.

३. गेल्या आठवड्यात मी डेक तपासला. नदीकडच्या बाजूचे खांब जमिनीलगत आतून कुजले आहेत.

४. मी दाखला दिला नाही. डेकवर कुणाला सोडू नको असं सांगितलं आणि दुरुस्तीचा आराखडा काढून दिला.

५. त्यावर तो म्हणाला की मी बिहोल्डन आहे. शब्द तुमचा होता. तो त्याला पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.

६. मी सामान आवरून परत आले.

७. काल त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी दाखला आणला.

८. येत्या शनिवारी दिवाळीच्या सुट्टीतली पहिली मोठी मंडळी लॉजवर उतरणार आहे.

घडलं ते एवढंच. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण त्याचा उपयोग नाही हे मला कळतं. आज लिहिते आहे, कारण मला एका शब्दाचा नेमका अर्थ हवा आहे आणि तो सांगणारं दुसरं कुणी नाही. डिक्शनरीत पाहिलं. ‘आभारी, उपकारबद्ध, बांधलेला’ असं दिलं आहे आणि पुढे कंसात ‘जुना प्रयोग’. तेवढ्याने माझं काम होत नाही.

तुमच्या घरी मी आठवीत असताना राहायला आले ती पावसामुळे. बाजारकुणंगच्या पुढे आमच्या गावच्या वाटेवर ओढा आहे. जूनच्या शेवटाला पाणी फरशीच्या पुलावरून वाहायला लागलं की बस अलीकडूनच परत फिरते, आणि मग रामनगरची शाळा आमच्यासाठी दुसऱ्या मुलखात असते. पहिल्या वर्षी मी इतके दिवस घरी राहिले की तुम्ही हजेरी घेताना माझं नाव गाळायला लागला होता. दुसऱ्या वर्षी ओढा चढायच्या आधीच आईने मला तुमच्या दारात आणून उभं केलं. तिच्या डोक्यावर फणस होता. तो तिने खाली ठेवला नाही, बोलणं होईपर्यंत तसाच डोक्यावर धरला.

“बाई, पोरीला पावसापुरती ठेवून घ्या. तांदूळ धाडीन.”

“तांदूळ कशाला? एक भाकरी जास्त थापली की झालं. आणि आधी तो फणस उतरवा, मला बघूनच मान दुखायला लागली.”

“मग लावणीला येऊ आमी तुमच्याकडं.”

तुम्ही हसलात. रामनगरच्या बाहेर तुमच्या यजमानांच्या मागे राहिलेला भाताचा एक अरुंद तुकडा होता. “ते काय शेत म्हणायचं? दोन बायका उभ्या राहिल्या तर तिसरीला बांधावर बसावं लागेल.”

“मग तिसरी बांधावर बसंल,” आई म्हणाली. ठरलं.

तुमच्या घरात तेव्हा तुम्ही एकट्याच होता. यजमान गेलेले, मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला. त्याची खाट तुम्ही मला दिली. तो सुट्टीला आला की खाली चटई टाकून झोपायचा आणि सकाळी मला ‘खाटवाली’ म्हणून हाक मारायचा. मी त्याला दादा म्हणत असे. अजून म्हणते.

आमच्याकडे लावणीला पैरा चालतो हे तुम्हाला ऐकून माहीत होतं, पण तुम्ही खानापूरकडच्या नोकरदार घरातल्या, चिखलात कधी उतरला नव्हता. आज सगळ्या बायका एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही. जिच्या शेतात काम असेल ती दुपारचं जेवण घालते. जी माझ्याकडे आली तिच्याकडे मी जायचं. त्यात कुणी कुणाचे आभार मानत नाही. मला लहानपणापासून देण्याघेण्याचा हा एकच प्रकार माहीत होता, आणि मी तोच तुमच्या स्वयंपाकघरात लावला.

तुमच्या आधी उठून मी नळाचं पाणी भरत असे. चूल झाडून, भांडी घासून, ओटी सारवून, तुम्ही उठायच्या वेळेला पुन्हा खाटेवर जाऊन पडत असे. चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही मला पकडलं. मी आत्ता ते बघते आहे: बाहेर धुकं, तुम्ही दारात, अंगावर शाल, माझ्या हातात तवा आणि राखेचा बोळा.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

“मग?”

“पैरा.”

“कसला पैरा?”

“तुम्ही शिकवता. जेवायला घालता. मी माझा दिवस भरते.”

तुम्ही माझ्या हातातून तवा काढून घेतलात. रागाने घेतलात. “म्हणजे मी तुला भाकरी घालते ती कामावर ठेवलंय म्हणून? आणि तू खातेस ती मजुरी म्हणून? असं असेल तर आजच तुझ्या आईला निरोप धाडते.” मी कधीच लगेच बोलत नसे, त्याचाही तुम्हाला राग यायचा. मग तुम्ही चुलीपुढे बसलात, लाकडं सारखी केलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “काम कर. घरातल्या पोरीनं करावं तेवढं कर. पण चोरून नको, आणि मोजून नको. तुला फिटंफाट करायची आहे. फिटलं की मोकळी. असंच ना?”

मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं.

“इंग्रजीत एक जुना शब्द आहे. आता फारसं कुणी वापरत नाही. बिहोल्डन. दुसऱ्यानं केलेलं फिटायचं नाही हे ठाऊक असून जो मान ताठ ठेवून त्याच्यासमोर बसू शकतो ना, तो बिहोल्डन. तुला ते जमत नाही. शीक.”

त्याच दिवशी तुम्ही तो शब्द वर्गात फळ्यावर लिहिलात. धड्यात तो नव्हता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, त्याबद्दल मी तेव्हा मनात आभार मानले. तुम्ही विचारलंत, ह्याला मराठीत काय म्हणाल? पहिल्या बाकावरून ‘ऋणी’ आलं. तुम्ही म्हणालात, ऋणी हा भाषणातला शब्द झाला. माणूस ‘मी आपला ऋणी आहे’ म्हणतो, हार गळ्यातून काढतो आणि घरी जातो. मग मागून एका ट्रक ड्रायव्हरच्या मुलीने ओरडून सांगितलं, “बाई, मिंधा! आमचा मामा हाय तसला. सासऱ्याच्या घरात ऱ्हातोय, सासरा खोकला तरी ह्यो उठून उभा ऱ्हातो.” वर्ग हसला, तुम्हीही हसलात. पण तुम्ही मिंधाही घेतला नाहीत. मिंध्याची मान खाली असते, म्हणालात. त्याला वर बघता येत नाही, म्हणून त्याला समोरच्याचं चुकलेलं दिसत नाही. बिहोल्डन माणसाची मान वर असते. त्या शब्दाच्या पोटात ‘होल्ड’ आहे बघा, धरून ठेवणं. कुणीतरी आपल्याला धरलेलं आहे, दाबलेलं नाही.

मग प्रयोग सांगितलात. शब्दाच्या पुढे ‘टू’ येतो आणि ‘टू’च्या पुढे माणूस. जुन्या गोष्टींमधली माणसं वाकून एकमेकांना सांगायची, मी तुमची फार बिहोल्डन आहे. पुढे पुढे लोक तो शब्द नकारातच जास्त वापरायला लागले: मी कुणाचीही बिहोल्डन नाही, मला कुणाचं बिहोल्डन व्हायचं नाही. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात की एवढा चांगला शब्द, आणि लोकांनी तो फक्त झिडकारण्यासाठी शिल्लक ठेवला. आणि शेवटी कुणीतरी विचारलं, “बाई, ‘यू आर बिहोल्डन टू मी’ म्हटलं तर चूक काय?” तुम्ही म्हणालात, “वाक्यात चूक काही नाही. पण असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी मी चहा पिणार नाही. हा शब्द आपण आपल्याला लावायचा. दुसऱ्याला लावायचा नाही.”

तेव्हा मी हे वहीत उतरवलं नाही. लक्षात राहील असं वाटलं होतं आणि राहिलं. शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला. डिप्लोमा आणि पुढची डिग्री झाल्यावर हुबळीत एका बांधकाम कंपनीत होते, तिथे एका वरिष्ठांनी सुट्टीच्या दिवशी येऊन माझे नकाशे तपासून दिले. त्यांना मेलमध्ये लिहिलं, आय ॲम बिहोल्डन टू यू. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ते वाचलं आणि दिवसभर मला ‘महाराणी’ म्हणून हाक मारली. वरिष्ठांचं उत्तर आलं, नो प्रॉब्लेम. नंतर मी थँक्सच लिहीत गेले.

आता मी रामनगरला असते. बस स्टँडजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर माझी एक खोली आहे, तिथे बसून घरांचे नकाशे आणि पुलांच्या दुरुस्तीची कामं करते. गोव्याला जाणारे ट्रक वळणावर ब्रेक मारतात तेव्हा टेबल हलतं. तुमच्या यजमानांचा पितळी ओळंबा तुम्ही मला दिला होता, मी पॉलिटेक्निकला बेळगावला निघाले तेव्हा. “घरात कुणी भिंत बांधत नाही आता,” एवढंच तुम्ही म्हणाला होतात. तो मी रोज वापरते. गणेशगुडीलाही तोच घेऊन गेले.

लॉजवर पोचले तेव्हा दादा पायऱ्यांवर उभा होता. “काय गं इंजिनीअरबाई, हातोडा बितोडा घेऊन आलीस. तपासायला आलीस की पाडायला?” त्याने चहा दिला. आत काउंटरमागे तुमचा फोटो आहे, भोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ. तुम्हाला ती आवडली नसती, पण फोटो चांगला आहे. मी चहा संपवला आणि कामाला लागले. ओळंबा सोडून बघितला, खांब उभ्या रेषेत होते. वरच्या फळ्या ठीक. बोल्ट गंजलेले, पण धरून. मग खाली उतारावर उतरले. नदीकडच्या खांबांना नवा तपकिरी रंग होता, मातीपर्यंत. मातीला लागून मी पेचकस दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर ओला भुसा आणि वाळवी आली. पुढचा खांब तसाच. त्याच्या पुढचाही. ही नेमकी ती बाजू आहे जिथे लोक उभे राहतात. खाली नदीत पर्यटकांची रबरी राफ्ट दिसली की डेकवरचं प्रत्येक माणूस कठड्याला जाऊन टेकतं, मुलं पुढे घुसतात, फोटो काढणारा सगळ्यांना म्हणतो, अजून जवळ या. सगळा भार एका वेळी ज्या खांबांवर येतो तेच खांब पोकळ आहेत.

मी वर येऊन सांगितलं.

“रंग बघितलास न्हवं? आत्ताच दिलाय.”

“रंगाच्या खाली बघितलं.”

“किती दिवसांचं काम?”

“काँक्रीटचे पाये घालायचे, वर लोखंडी बूट बसवून त्यांत नवे खांब उभे करायचे. काँक्रीट मुरायला वेळ लागतो. तीन आठवडे धर. तोवर वर कुणी जायचं नाही.”

“तीन आठवडे! दिवाळी सरली की मग. गिऱ्हाईक त्या डेकसाठी येतंय गं. खाली खोलीत बसून भिंत बघायला येतंय व्हय?”

“माणसं पडतील, दादा.”

“इतकी वर्सं कोण पडलं? सांग की. एक तरी नाव सांग.”

पडलेलं कुणी नाही हे बरोबर होतं. मी म्हटलं, मी रोज येऊन काम बघेन, आराखडा काढून देते, मला काही द्यायचं नाही. तो म्हणाला, “उपकार नकोत मला तुझे.” खाली नदीवर एक राफ्ट गेली, तिच्यातली माणसं ओरडत होती, आणि दादाने सवयीने हात हलवला. परत माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“एक सही मागतोय. माझी खाट तुला दिली आईनं. मी खाली झोपायचो. विसरलीस?”

“विसरले नाही.”

“आई म्हणायची बघ तो शब्द. बिहोल्डन. ती हाईस तू. आईची होतीस, म्हंजे आता माझी.”

मी ओळंब्याची दोरी गुंडाळली, आराखडा काउंटरवर ठेवला आणि निघाले.

त्याच्यावर मला राग आला तो शब्दासाठी. पण त्याच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग, ‘आईची होतीस’, खरा आहे, आणि दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला खात्री नाही, ती का नाही ते त्याला माहीत नाही. बेळगावच्या दवाखान्यात मी तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा तो औषधं आणायला खाली गेला होता. तुम्हाला बोलायला त्रास होत होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, “त्याच्यावर लक्ष असू दे. तो घाई करतो.” मी मान हलवली. तो वर आला, तुम्ही हात सोडलात आणि त्याने आणलेल्या मोसंब्या बघून म्हणालात, आंबट आणल्यास. तुम्ही हे त्याला सांगितलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी लक्ष ठेवलं असं म्हणता येणार नाही. तो गोव्याहून परत आला, त्याने लॉज काढलं, लग्न केलं, मला आमंत्रण आलं, मी गेले, जेवले. त्याला माझी गरज पहिल्यांदा पडली ती ह्या सहीसाठी.

रविवारी मी आईकडे गेले. भातं कापून झाली आहेत, ती खळ्यात भात उपणत होती. तुम्हाला ती आठवते तशीच आहे, फक्त आता फणस डोक्यावर घेत नाही. मी सगळं सांगितलं. तिने सूप थांबवलं नाही.

“सही म्हंजे काय गो?”

“हे पक्कं आहे असं माझ्या नावानं सांगणं.”

“आनि हाय का पक्कं?”

“नाही.”

“मग?”

“बाईंचा मुलगा आहे.”

“व्हय. कुणाचा हाय ते मला शिकवू नको.” कोंडा उडून माझ्या अंगावर आला तशी तिने मला हाताने बाजूला केलं. “बाईंच्या शेतात आमी लावणी केलेली, याद हाय? येवढा तुकडा, आनि आमी दोरी धरून लावली. बाई बांधावर उभ्या, छत्री घेऊन. सारकं म्हनायच्या, पुरे, पुरे. चा असा गोड केलेला, साखरेचा डबाच पडला असंल त्यात. पैऱ्याला गेल्यावर वाकडं लावून येतंय व्हय कोन? आपल्या शेतात एक येळ चाललं. दुसऱ्याच्या न्हाई.”

मी तिला तुमचा शब्द सांगितला, अर्थासकट. तिने तो एकदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. “तसलं आमच्यात न्हाई. आमच्यात बोलावनं हाय. बोलावलं की जायाचं, आनि गेल्यावर नीट करायचं.”

तेवढ्यावर मी परत आले. माझ्या पुरतं काम स्पष्ट होतं. सही मागणं हेही बोलावणंच होतं; मी गेले, आणि जे दिसलं ते सांगितलं. तिथे ते संपायला हवं होतं.

काल दुपारी दादाने स्वतः फोन केला. “दाखला मिळाला. तुला सांगितलं म्हंजे तुझ्या जिवाला घोर नको.” कुणी दिला विचारलं, तर म्हणाला, जगात तू एकटीच इंजिनीअर हाईस व्हय? खांब बदललेस का विचारलं. त्याने फोन ठेवला. मग मी लॉजला दुसऱ्या नंबरवरून, गिऱ्हाईक असल्यासारखा फोन केला. काउंटरवरच्या माणसाने आनंदाने सांगितलं की शनिवारी हुबळीहून मोठं कुटुंब येतंय, आजोबांची पंच्याहत्तरी आहे, केक डेकवरच कापणार, जागा फार सुंदर आहे, तुम्हीही या.

मी आईला फोन केला. तालुक्याच्या कचेरीत तक्रार द्यावी लागेल असं म्हटलं. ती म्हणाली, “सही दिली न्हाईस ते बरं केलंस. पन कचेरीत जाऊ नको. ते येगळं. त्याचं पोट हाय ते. बाईंना काय वाटंल?”

बाई, आईने विचारलं तेच मी विचारते आहे. तक्रार लिहून तयार आहे. तिच्यात मत एकही नाही. कुठल्या बाजूचे किती खांब, पेचकस किती आत गेला, भार कुठे येतो, फोटो. ती दिली की लॉज बंद होईल, निदान ह्या दिवाळीपुरतं, आणि असा धंदा एका दिवाळीत बसतो. तो मला परत दारात उभी करणार नाही. काउंटरमागचा तुमचा फोटो मला पुन्हा दिसणार नाही. माझ्याकडे तुमचा एकही फोटो नाही. ती दिली नाही तर शनिवारी कदाचित काहीच होणार नाही. सडलेलं लाकूड कधी कधी अपेक्षेपेक्षा जास्त दिवस धरतं, हे मी पाहिलं आहे. पण धरेल असं मी कुणाला सांगू शकत नाही, आणि धरणार नाही हे ज्यांना सांगायला हवं ते हुबळीहून नवे कपडे घालून येणार आहेत.

मी आज सकाळी पुन्हा एकदा गणेशगुडीला जाऊन आले. त्याला सांगितलं की तू डेककडे जाणारं दार लावून घे, आडवी दोरी बांध, मग मी तक्रार देत नाही. तो काउंटरमागे उभा होता. “आईनं तुला घरात घेतलं ती चूक झाली,” एवढं म्हणाला. मला तेव्हा ते दवाखान्यातलं वाक्य सांगता आलं असतं. घाई करतो, लक्ष असू दे. सांगितलं असतं तर तो कदाचित थांबला असता. पण ते त्याच्या गळ्यात अडकवायला मी वापरलं नाही. ते तुम्ही मला दिलेलं आहे, त्याला नाही.

तुम्ही म्हणाला होता की मिंध्याला समोरच्याचं चुकलेलं दिसत नाही. मला दिसतंय. मान वर आहे. एवढं तुमच्याकडून शिकले असं धरायला हरकत नाही. पण शब्दाच्या पुढे ‘टू’ आणि ‘टू’च्या पुढे माणूस, हे तुम्ही सांगितलंत, आणि ते माणूस गेल्यावर पुढे काय लिहायचं ते सांगितलं नाहीत. त्याचा मुलगा? त्याने शेवटी मागितलेली गोष्ट? की त्याने जशी आपल्याला भाकरी घातली तशी, ओळख नसलेल्या कुणाची तरी मुलं? मी तिन्ही जागी वाक्य बसवून पाहिलं. तिन्ही वाचायला बरोबर वाटतात. म्हणून मी तुम्हाला विचारायला बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला माहीत आहे. पत्ता नाही आणि असता तरी मी टाकलं नसतं. एक गोष्ट मात्र इथेच लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. तुम्ही आज असता, आणि तुम्ही स्वतः त्याच्यासाठी माझं मनगट धरून सही कर म्हणाला असता, तर मी नाही म्हटलं असतं की नाही हे मला सांगता येत नाही. तुम्ही नाही, म्हणून मला हे जमतंय.

आज बुधवार. तालुक्याची कचेरी शुक्रवारी सकाळी उघडेल तेव्हा मी तक्रार घेऊन तिथे, जोयड्याला, असेन. आपली काही हरकत असल्यास उद्या, गुरुवारी, संध्याकाळपर्यंत कळवावी.